मोर्चाला आलात, आता पंचनाम्यालाही या

प्रति,
नागरिक कृती समित्या व अपार्टमेंट सोसायट्यांचे पदाधिकारी,
नागपूर

सस्नेह नमस्कार.

रिंग रोडच्या आत-बाहेर पसरलेल्या लेआउटमधून सध्या जी निवेदने निघत आहेत, त्यांतली काही माझ्याही मोबाईलवर आली. मागणी सगळ्यांची एकच : आमच्या वस्तीतला देहव्यापार बंद करा. कुठे किरायाने दिलेल्या फ्लॅटची तक्रार आहे, कुठे स्पाचा बोर्ड लावलेल्या गाळ्याची, तर कुठे तासावर खोल्या देणाऱ्या लॉजची. काही ठिकाणी मोर्चा काढायचे ठरले आहे. एका संदेशात 'त्या बायांना हाकला' असे लिहिले होते आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

मी लकडगंज भागात राहते. गंगाजमुना ही नागपुरातली देहव्यापाराची वस्ती आमच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. महानगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. त्या वस्तीतली मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत, त्यांच्या आया माझ्याशी बोललेल्या आहेत. त्यामुळे हे पत्र लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजते.

तुमचा त्रास खोटा नाही, हे आधीच सांगते. शिकवणीवरून घरी येणाऱ्या मुलीजवळ गाडी हळू करून भाव विचारणारे पुरुष मी पाहिले आहेत. मध्यरात्री चुकीचे दार वाजते आणि आत म्हातारी माणसे घाबरून बसतात. मुलीचे स्थळ चालून येते, पत्ता सांगितला की पाहुणे चहा अर्धा ठेवून निघतात. आमच्या गल्लीत कित्येक दारांवर 'फॅमिली का मकान है' अशी पाटी रंगवलेली असते. दिवाळीला घर रंगवायला आलेला रंगारी न सांगता तीच अक्षरे पुन्हा काढतो, इतकी ती त्याच्या हाताला सवयीची झाली आहेत. हे ज्यांनी भोगले नाही त्यांनी रहिवाशांना समजूतदारपणाचे धडे देऊ नयेत. मीही देत नाही. मला फक्त एवढे सांगायचे आहे की तुमचा राग ज्या दारावर जाऊन आदळतो आहे, ते दार चुकीचे आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी गंगाजमुना सील केली. गल्ल्यांच्या तोंडाशी कठडे लागले, बंदोबस्त बसला. अल्पवयीन मुली आणून इथे धंद्याला लावल्या जातात आणि वस्तीच्या दोनशे मीटरच्या आत शाळा व प्रार्थनास्थळे आहेत, अशी कारणे तेव्हा पुढे आली. दोन्ही गोष्टी गंभीर होत्या. रहिवाशांचा एक मोठा गट पोलिसांच्या बाजूने उभा राहिला, तर नागपूरच्या कार्यकर्त्या ज्वाला धोटे वारांगनांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. घोषणा दोन्हीकडून झाल्या, कॅमेरे आले आणि गेले.

पुढचे आम्ही शेजाऱ्यांनी पाहिले. ज्यांच्याकडे चार पैसे होते त्या बाया गावी गेल्या. काहींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोल्या घेतल्या. जिच्या डोक्यावर घरवालीचे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचे, कर्ज होते, ती जिथे नेली तिथे गेली. दलाल मात्र आम्हाला बेड्यांत दिसला नाही. वस्तीला वेढा पडणार याची कुणकुण त्याला सर्वांत आधी लागते आणि सटकताना तो सर्वांत कोवळी मुलगी सोबत नेतो, कारण ती सापडली तर त्याची जन्मठेपेपर्यंतची सोय होते. म्हणजे ज्या मुलीसाठी एवढा बंदोबस्त लावायचा, तीच पहिल्यांदा हातातून निसटते. तुमच्याकडे आज जे दिसते ते सगळे आमच्याकडून गेले, असे मी म्हणणार नाही. मोबाईल आल्यापासून या धंद्याला गल्लीची गरज उरलेली नाही. पण एका वस्तीतून हाकललेली बाई दुसऱ्या वस्तीत जाते, दुसऱ्या ठिकाणी तिला ओळखणारे कोणी नसते, तपासणीला येणारी नर्स नसते, मुलाची शाळा सुटते आणि दलालाची तिच्यावरची पकड आणखी घट्ट होते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता कायद्याचे बोलू, कारण निवेदनांत कायद्याचे नाव आहे पण तो वाचलेला दिसत नाही.

1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, ज्याला पोलीस आणि वकील 'पिटा' म्हणतात, तो मुख्यतः बाईला शिक्षा देण्यासाठी केलेला नाही. त्याचा रोख आहे कुंटणखाना चालवणाऱ्यावर, जागा देणाऱ्यावर, दुसऱ्याच्या देहविक्रीवर जगणाऱ्यावर, फूस लावून आणणाऱ्यावर आणि कोंडून ठेवणाऱ्यावर. सज्ञान बाईने स्वतः देहविक्री करणे एवढ्यावरून ती गुन्हेगार ठरत नाही. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे, किंवा शाळा, मंदिर-मशीद, इस्पितळ यांच्या दोनशे मीटरच्या आत धंदा करणे, हे गुन्हे आहेत. ही मर्यादा लक्षात ठेवा. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितले की सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट निर्देश दिले : छाप्यात या स्त्रियांना अटक करू नये, छळू नये, त्यांचे चेहरे माध्यमांत दाखवू नयेत, त्यांनाही इतरांसारखाच सन्मानाने जगण्याचा हक्क आहे.

आणि जागा देणारा? त्याच्याविषयी तुमच्या एकाही निवेदनात ओळ नाही. तो बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. त्याचा फ्लॅट रिकामा असतो, तो स्वतः दुसरीकडे राहतो, एजंट त्याला चालू भावापेक्षा जास्त किराया आणून देतो आणि तो काही विचारत नाही. 'मला काय माहीत आत काय चालते' हे त्याचे ठरलेले उत्तर असते. पिटाच्या कलम 3 ने या उत्तराची वाट बरीचशी बंद केली आहे. छाप्यात त्या जागेत देहव्यापार चालत असल्याचे आढळले आणि तशी बातमी त्याच्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात छापून आली, किंवा जप्तीच्या यादीची प्रत त्याच्या हातात दिली गेली, तर त्यानंतर त्याला ठाऊक होते असेच न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे त्यानेच सिद्ध करायचे. जाणूनबुजून जागा देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशी जागा शाळा, मंदिर-मशीद, इस्पितळ अशा ठिकाणाच्या दोनशे मीटरच्या आत असेल, तर कलम 18 खाली दंडाधिकारी नोटीस देऊन ती रिकामी करून घेऊ शकतात. सोसायटीच्या सभेत त्या फ्लॅटच्या मालकाला समोर बसवून, किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात दिली का, करारनामा कोणाच्या नावावर आहे, किराया कोण आणून देतो, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. मोर्चाने जे होत नाही ते या एका पानाने पुष्कळदा होते. पण मोर्चा अनोळखी बाईविरुद्ध काढता येतो आणि हे प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारावे लागतात, म्हणून ते राहून जातात.

माझ्या पत्राचा खरा मुद्दा पुढचा आहे.

पिटाच्या कलम 15 प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेण्याआधी पोलिसांनी त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवायचे असते. त्यांत किमान एक स्त्री हवी. कायदा करणाऱ्यांनी शेजाऱ्याला दिलेले हे काम आहे. तुम्ही आत जायचे, जे दिसते ते पाहायचे, पंचनामा वाचायचा, बरोबर असेल तर सही करायची आणि पुढे न्यायालयात जाऊन तेच सांगायचे. पण मोर्चाला जमणारी गर्दी या कामाला मिळत नाही. निरोप आला की कोणाच्या घरी पाहुणे असतात, कोणाचा बीपी वाढतो. मग पोलिसांना नेहमीचे, ओळखीतले पंच गाठावे लागतात. खटला उभा राहतो तेव्हा बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की हा माणूस त्या वस्तीत राहतो का आणि याआधी किती पंचनाम्यांवर त्याची सही आहे. तिथेच केस ढिली पडते. कधी पंच फितूर होतो. दलाल सुटून येतो आणि त्याच चौकातल्या पानठेल्यावर उभा राहतो. मग आपण म्हणतो, पोलीस काही करत नाहीत.

भीती मला समजते. न्यायालयाच्या चकरा, समोरच्याची गुंडगिरी, 'कशाला लफड्यात पडता' म्हणणारे घरचे लोक, हे सगळे खरे आहे. म्हणून काही गोष्टी माहीत असू द्या. झडतीत कायदेशीरपणे जे केले त्याबद्दल पंचांवर कोणी दिवाणी वा फौजदारी कारवाई करू शकत नाही, असे संरक्षण त्याच कलमात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, त्यामुळे सगळा भार तुमच्या आठवणीवर राहत नाही. धमकी आली तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. आणि पोलिसांनी लेखी आदेशाने बोलावले असताना सबळ कारणाशिवाय नकार देणे हाही कायद्याने गुन्हाच आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

स्वतः दार ठोठावायला मात्र जाऊ नका. बाहेरून कुलूप घालणे, व्हिडिओ काढणे, बाईचे केस धरून तिला खाली आणणे, हे तर मुळीच नको. मेडिकलच्या बाजूच्या एका इमारतीत काय झाले ते सांगते. दोन मुली किरायाने राहायला आल्या. रात्री साडेनऊला निघायच्या, सकाळी उन्हे वर आल्यावर ऑटोने परतायच्या, कधी वेगवेगळ्या ऑटोने. कोणीतरी बाल्कनीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी त्यांच्या दारावर खडूने एक घाणेरडा शब्द लिहिलेला सापडला. मुली एका खासगी इस्पितळात नर्स होत्या आणि रात्रपाळी करत होत्या. त्यांतली एक ओल्या फडक्याने दार पुसत असताना मी तिथे उभी होते. ती खडूची अक्षरे पुसत होती आणि मला म्हणत होती, "मॅडम, घरी कळू देऊ नका, ते शिकणं बंद करून परत बोलावतील." महिनाअखेर त्या खोली सोडून गेल्या. एकटी राहणारी मुलगी, उशिरा येणारी मुलगी, ईशान्येकडची मुलगी, घटस्फोट घेतलेली बाई, यांच्यावर संशय घेणे फार सोपे असते आणि दलालाला ते हवेच असते, कारण तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मग बघायचे काय? कपडे आणि वेळ बघू नका, मोकळीक बघा. एखादी मुलगी कधीच एकटी खाली येत नाही, किराणा दुकानातही कोणीतरी सोबत असते. तिच्या हातात स्वतःचा फोन नाही. दाराला बाहेरून कुलूप आणि आत माणसांचा आवाज. आपण कोणत्या भागात राहतो हेही तिला सांगता येत नाही. दर काही आठवड्यांनी चेहरे बदलतात, पण त्यांना आणणारा-नेणारा माणूस तोच राहतो. वय लपवलेले दिसते. यांतले काही दिसले तर तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, किराया नेणाऱ्याचे वर्णन एवढे वहीत लिहा. ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्याची प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि गुन्हे शाखेच्या मानवी तस्करीविरोधी पथकाला पाठवा. ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' असे सांगितले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

मुलगी अठराच्या आतली वाटली, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस मदत) लावा. इथे मर्जीचा प्रश्नच येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती असूनही न कळवणे हा गुन्हा आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला, पुढे अंदाज चुकीचा निघाला तरी, संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली अल्पवयीन मुलीच्या तस्करीला किमान दहा वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कलम 144 गिऱ्हाइकालाही सोडत नाही : मुलगी तस्करी करून आणलेली आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला जागा असून, जो तिचे लैंगिक शोषण करतो त्याला तुरुंगवास आहे. निवेदनात त्याच्यासाठीही एक ओळ असू द्या. हे पुरुष परग्रहावरून येत नाहीत. चांगल्या गाड्यांतून येतात आणि आपल्यासारख्याच घरी परततात.

आपले शहर देशाच्या मध्यावर आहे, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या स्टेशनवर एकमेकांना छेदतात, हे आपण अभिमानाने सांगतो. कामाच्या, लग्नाच्या, सिनेमाच्या आमिषाने आणलेल्या मुलीही याच फलाटांवर उतरतात. रेल्वेचा 139 हा मदत क्रमांक ऑटोस्टँडवरच्या आणि कुली भावांच्या फोनमध्ये असावा. पहिली पाहणारी माणसे तीच असतात.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला तुम्हाला जड जाईल. नवीन आलेली मुलगी लहान आहे की नाही, रडते आहे की नाही, हे पोलिसांच्या आणि तुमच्या कितीतरी आधी त्या धंद्यातल्या बायांना कळते. कोलकात्याच्या सोनागाछीत त्यांच्याच संघटनेने नव्या मुलीचे वय आणि मर्जी तपासणारी मंडळे उभी केली. आपल्या सांगलीत 'व्हॅम्प' ही वारांगनांची संघटना वर्षानुवर्षे काम करते आहे. ज्या बाईला तुम्ही हाकलायला निघालात, तिच्याशी जर तुमच्या समितीतली एखादी ताई कधी दोन शब्द नीट बोललेली असेल, तर अल्पवयीन मुलगी आली त्या रात्रीच तुम्हाला निरोप येईल. शिव्या खाल्लेली बाई असा निरोप कशाला देईल?

शाळेत प्रवेशाच्या दिवसांत एक आई यायची. अर्जातल्या वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबायची, पदराच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, मग कोणतेतरी नाव सांगायची. पुढच्या वर्षी धाकट्याच्या अर्जावर दुसरे नाव. बाकीच्या पालकांना ते कळे आणि डबा खाताना त्यांची मुले बाजूला सरकत. त्या पोरांना शिक्षा आपणच देत होतो, दलाल तिथे नव्हता. रामभाऊ इंगोले यांनी नागपुरात विमलाश्रमात वारांगनांच्या मुलांना घर दिले, शिकवले. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने 1980 च्या दशकातच अशा मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले. तुमच्या समितीने एवढे मोठे काही करावे अशी अपेक्षा नाही. तुमच्या लेआउटमधल्या शाळेत असे मूल आले तर ते टिकेल, एवढे बघा. सुटका झालेल्या बाईला शक्ती सदन या सरकारी योजनेतल्या निवारागृहात काही दिवस राहता येते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पण तिथून बाहेर पडल्यावर खोली आणि काम लागते, आणि ते देणारे हात वस्तीतलेच असतात. खोली मिळाली नाही की दलालाचा फोन येतोच.

पोलीस आयुक्तांकडे जाणारच असाल तर एक मागणी आवर्जून करा. पिटाच्या कलम 13 मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या जोडीला त्या भागातल्या पाचपर्यंत समाजकार्यकर्त्यांचे, त्यांत शक्यतो स्त्रियांचे, अशासकीय सल्लागार मंडळ नेमण्याची तरतूद आहे. नेमणूक राज्य सरकारने करायची असते, पण मागणी वस्तीतून गेली पाहिजे. निवेदनात 'हाकला' हा शब्द खोडून तिथे ही मागणी लिहा. त्याखाली जागामालकांवर कलम 3 खाली कारवाई मागा.

पुढच्या रविवारी तुमच्या बैठकीत सह्यांचा कागद फिरेल, तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा एक कागद ठेवा : पंच म्हणून यायला तयार असलेल्यांची नावे, घर क्रमांक आणि फोन. तो कागद बंद पाकिटात ठाणेदारांकडे द्या. बायकांची नावे कमी पडतील, याचा मला अंदाज आहे. स्त्री पंच त्याच वस्तीतली असली पाहिजे अशी अट कायद्यात नाही, तिला त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा कागदावर पहिले नाव माझे लिहा. रात्री कितीही वाजता निरोप आला तरी मी लकडगंजहून ऑटो करून येईन आणि तारीख लागेल तेव्हा न्यायालयातही येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लकडगंज, नागपूर